हरवलेलं पातं आणि त्याचा पुरावा

उसाचा खोडवा मोडायचा असो, वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या काढायच्या असोत, की पेरणीआधी ढेकळं फोडायची असोत, महाराष्ट्रातला शेतकरी ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, ‘रोटर मारून दे.’ ट्रॅक्टरमागचा आडवा शाफ्ट फिरू लागतो, त्यावरची पाती जमिनीत घुसतात आणि मागच्या फळीवर आपटून माती भुसभुशीत होऊन पडते. हे दृश्य इतकं नेहमीचं झालं आहे, की त्या पात्याकडे कोणी निरखून पाहत नाही. पाहायला हवं. पातं सरळ नसतं. बोल्टाने आवळलेली त्याची उभी दांडी टोकाशी जवळजवळ काटकोनात वळलेली असते, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची. निम्मी पाती डावीकडे वळलेली, निम्मी उजवीकडे. या वळणाला इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशी कागदोपत्री सापडतो.

या पात्याविषयी दोन माणसांना दोन प्रश्न पडतात. इतिहास लिहिणाऱ्याला विचारायचं असतं, की हा आकार कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीतून काढला. जुनी यंत्रं पुन्हा उभी करणाऱ्या कारागिराला वेगळी चिंता असते. बागेत किंवा भाजीच्या वाफ्यात चालवायचा, हँडल धरून मागे चालायचा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा रोटाव्हेटर त्याला मिळालेला असतो. इंजिन जाम, पत्रा सडलेला आणि रोटरवरची अर्धी पाती गायब. ती नव्याने घडवायची तर मूळची कशी होती?

माझ्या मते या दोघांचं काम एकाच शिस्तीचं आहे. घडवलेला प्रत्येक भाग हे भूतकाळाविषयी केलेलं एक विधान असतं. इतिहासात आधाराशिवाय वाक्य लिहू नये, तसा यंत्रात आधाराशिवाय भाग बसवू नये. आणि आधार जिथे संपतो ती जागा झाकू नये. ही शिस्त हॉवर्ड रोटाव्हेटरच्या उदाहरणावरून नीट समजते, कारण त्याची कथा पेटंट, कंपनीच्या नोंदी आणि हाती उरलेली यंत्रं अशा तिन्ही अंगांनी तपासता येते.

कोणतं साधन काय सांगतं

आधी साधनांची प्रतवारी लावायला हवी. पेटंटवर तारीख असते, नाव असतं, आकृती असते. म्हणून ते पहिल्या प्रतीचं साधन. पण त्यातून सिद्ध काय होतं? अमुक तारखेला अमुक माणसाने अमुक कल्पनेवर हक्क सांगितला, एवढंच. कारखान्यातून निघालेलं यंत्र त्या आकृतीबरहुकूम होतं, असं पेटंट म्हणत नाही. त्या आकृतीत हक्काला लागेल तेवढा भाग नेटका दाखवलेला असतो आणि बाकीचा ढोबळ. मापं तर बहुधा नसतातच. पेटंटच्या आकृतीवर फूटपट्टी ठेवून भाग घडवणं म्हणजे त्या कागदाने कधीच न दिलेली ग्वाही त्याच्याकडून वदवून घेणं होय.

सुट्या भागांची छापील यादी याच्या नेमकी उलट. तिच्यात हक्काचा दावा नसतो, हिशोब असतो. भागाचा क्रमांक, नाव, किती नग, डावे किती आणि उजवे किती. ‘अमुक अनुक्रमांकाच्या यंत्रापासून पुढे हा भाग’ अशी टीप तिच्यात असेल, तर ती फार मोलाची. कारखान्याने रचना केव्हा बदलली हे त्या एका ओळीतून कळतं. मात्र ही यादी छापली गेली त्या वर्षापुरती खरी. दहा वर्षं आधीच्या यंत्राला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

चालवणाऱ्यासाठीची पुस्तिका वेग, तेल, चेनचा ताण आणि पात्यांची मांडणी सांगते. कॅटलॉग आणि जाहिराती विकणाऱ्याच्या बाजूने बोलतात. जुन्या कॅटलॉगमधली चित्रं पुष्कळदा हाताने सफाईदार केलेली असत, म्हणून त्यांवरून रंग किंवा बारकावे ठरवताना जपून राहावं. माणसांच्या आठवणींत घटनांचा क्रम बहुधा बरोबर असतो, पण वर्ष सरकतं. आणि शेवटचं साधन म्हणजे खुद्द यंत्र. ते खोटं बोलत नाही, पण त्याच्या अंगावर मूळ कारखान्याबरोबर पन्नास वर्षांतल्या प्रत्येक फिटरचंही काम असतं. कुठला थर कोणाचा, हे ओळखावं लागतं.

गिलगँड्रा ते एसेक्स

आता माणसाकडे येऊ. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याचा जन्म ४ एप्रिल १८९३ रोजी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स प्रांतात क्रुकवेल इथे झाला. यंत्रशाळेत तो उमेदवारी करत होता. गिलगँड्राला वडिलांची शेती होती आणि त्या शेतावर वाफेवर चालणारं ट्रॅक्टर-इंजिन होतं. १९१२ साली त्याने याच इंजिनाची शक्ती वापरून जमिनीत पाती फिरवण्याचे प्रयोग सुरू केले. नांगरणीत माती दाबली जाते. फिरत्या पात्यांनी ती न दाबता मोकळी करता येते, असं त्याला आढळलं.

पण सुरुवातीच्या रचनेत एक खोट होती. फिरती पाती माती बाजूला फेकत होती, म्हणजे वाफा भुसभुशीत होण्याऐवजी कडेला ढीग साचत होते. या अडचणीतून पुढची सुधारणा निघाली : कमी व्यासाचा रोटर, त्यावर एकमेकांपासून बऱ्यापैकी अंतरावर बसवलेल्या चकत्या म्हणजे फ्लँज, आणि त्यांवर एल आकाराची पाती.

यंत्रशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर हा तोडगा किती नेमका होता ते लक्षात येतं. डावीकडे वळलेलं पातं माती एका बाजूला रेटतं, उजवीकडे वळलेलं दुसऱ्या. दोन्ही सारख्या संख्येने असली की बाजूचा रेटा एकमेकांत जिरतो. फ्लँजमध्ये मोकळी जागा असल्याने तण आणि ओली माती पात्यांच्या मधे गच्च बसत नाही. पात्याचा आडवा पाय जमिनीतून माती कापून उचलतो आणि मागे फेकतो, म्हणजे ती झाकणाच्या मागच्या फळीवर जाऊन फुटते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘१९१२ साली हॉवर्डने एल आकाराच्या पात्याचा शोध लावला’ असं एका वाक्यात सांगून मोकळं होण्याचा मोह होतो. घटनाक्रम तसं म्हणू देत नाही. १९१२ हे प्रयोग सुरू झाल्याचं वर्ष. आधीच्या पात्यांनी माती बाजूला फेकली, ती खोट दिसली, मग पातं बदललं. म्हणजे एल आकार ही त्यानंतरची पायरी. एव्हरार्ड मॅक्लिअरी या सोबतच्या उमेदवाराबरोबर हे यंत्र बनवण्यासाठी हॉवर्डने कंपनी काढली, पण पहिल्या महायुद्धाने तो बेत खोळंबला. युद्धकाळात परदेशी गेलेला हॉवर्ड १९१९ मध्ये ऑस्ट्रेलियात परतला आणि १९२० साली त्याने पेटंट घेतलं. त्यात पाच फिरत्या पात्यांचा कल्टिव्हेटर आणि अंतर्ज्वलन इंजिन एकत्र आलेली आहेत.

वाफ ते पेट्रोल हे अंतर या आठ वर्षांत कापलं गेलं. वाफेच्या इंजिनाचं वजन शेतात फिरवायचं, आणि वर माती दाबली जाऊ नये अशी अपेक्षा धरायची, हे दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. हलकं इंजिन आणि फिरती पाती एका सांगाड्यावर आली, तेव्हाच पुढे एका माणसाने हँडल धरून चालवायचं यंत्र शक्य झालं. बागेतल्या छोट्या रोटाव्हेटरचं मूळ शोधताना १९१२पेक्षा १९२० या वर्षाला मी जास्त वजन देतो ते म्हणूनच.

‘जगातला पहिला’ हा किताबही जपून द्यायला हवा. फिरत्या अवजाराने जमीन खणण्याची कल्पना त्या काळात अनेकांच्या डोक्यात होती. १९१०च्या आसपास स्वित्झर्लंडच्या कोनराड फॉन मेयेनबुर्गने फिरत्या अवजारांच्या मशागत-यंत्राची पेटंटं घेतली होती आणि जर्मनीत सीमेन्स-शुकर्ट कंपनीने त्या धर्तीची यंत्रं काढली. त्यांची अवजारं स्प्रिंगवर बसवलेल्या आकड्यांसारखी होती. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली या छायाचित्रकाराला हाती धरून चालवायच्या मोटर-नांगराचं पेटंट डिसेंबर १९१६ मध्ये मिळालं. तीन खंडांत तीन माणसं एकाच गरजेशी झटत होती. हॉवर्डचं श्रेय कमी होत नाही. ते नेमकं होतं. ताठ, एल आकाराची, डावी-उजवी मांडलेली पाती ही त्याची देणगी, आणि आज आपल्या शेतात फिरतात ती याच जातीची.

पुढचा भाग कंपनीच्या नोंदींतून सरळ वाचता येतो. मार्च १९२२ मध्ये ऑस्ट्रल ऑटो कल्टिव्हेटर्स ही कंपनी स्थापन झाली. तीच नंतर हॉवर्ड ऑटो कल्टिव्हेटर्स या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९२७पासून सिडनीच्या नॉर्थमीड उपनगरात स्थिरावली. मागणी परदेशांतूनही वाढली, तशी हॉवर्डने इंग्लंडची वाट धरली. जुलै १९३८ मध्ये एसेक्स परगण्यातल्या ईस्ट हॉर्नडन इथे रोटरी होज लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. जेम, बँटम या नावांचे, मागे चालत चालवायचे रोटाव्हेटर याच कंपनीचे. बागा, रोपवाटिका आणि भाजीमळे हे त्यांचं कार्यक्षेत्र. १९७१ साली हॉवर्ड वारला. १९८५ मध्ये हा उद्योगसमूह डेन्मार्कच्या थ्रिगे अ‍ॅग्रो समूहाकडे गेला.

दुरुस्ती करणाऱ्याला या सनावळीचा थेट उपयोग आहे. सिडनीचं यंत्र आणि एसेक्सचं यंत्र एकाच नावाचं असलं, तरी एकाचा भाग दुसऱ्याला लागेलच असं धरता येत नाही. म्हणून कामाची सुरुवात पान्याने न करता यंत्रावरच्या नावाच्या पट्टीने करावी. कारखान्याचं नाव आणि पत्ता, मॉडेल, अनुक्रमांक या तीन गोष्टी पट्टीवरून आधी उतरवून घ्याव्यात आणि मगच छापील यादी शोधायला निघावं.

यंत्र हाच दस्त

कागद मिळाले तरी ते सगळं सांगत नाहीत. मग यंत्र वाचायचं. वाचायला सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे बोल्टाचे आटे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेली आट्यांची पद्धत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ चालली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांची एकीकृत पद्धत मान्य केली. अर्ध्या इंची जाड्या आट्याच्या व्हिटवर्थ बोल्टावर एका इंचात १२ आटे असतात. त्याच मापाच्या एकीकृत बोल्टावर १३. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बारा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टाचा आटा पावणेदोन मिलिमीटर अंतराचा.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण गेज लावलं की लगेच बोलतो. एकाच झाकणावर पाच बोल्ट व्हिटवर्थचे आणि सहावा मेट्रिक निघाला, तर तो कोपरा नंतर कोणीतरी उघडलेला आहे. त्यामागचं बेअरिंग मूळचं समजू नये. उलट, घाईत सगळ्या भोकांत मेट्रिक टॅप फिरवला, की बोल्ट बसतात खरे, पण तो पुरावा कायमचा पुसला जातो. नव्याचा टॅप मारण्याआधी जुने आटे मोजून टिपून ठेवणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रंगाचंही तसंच. उन्हाला लागलेला वरचा रंग काही सांगत नाही. नावाची पट्टी, वायसर, टाकीखालचा पट्टा यांच्या आड मूळ रंग शाबूत असतो. अशा ठिकाणी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत गेलं, की एकाआत एक वर्तुळं उमटतात : सर्वांत बाहेर शेवटचा हात, मग मधले, मग प्रायमर आणि आत लोखंड. किती वेळा आणि कोणत्या क्रमाने यंत्र रंगवलं गेलं, हे त्या रुपयाएवढ्या जागेत वाचता येतं. म्हणून सगळं यंत्र एकदम सँडब्लास्टिंगला देणं मला पटत नाही. आधी वाचून घ्यावं, मग साफ करावं.

एक पातं घडवताना

आता गायब पात्यांकडे येऊ. छापील यादी मिळाली तर डावी किती, उजवी किती हे कळेल. नाही मिळाली तरी रोटर पुष्कळ सांगतो. फ्लँजवरची भोकं मोजली की एका फ्लँजवर पाती किती, ते निश्चित. शेजारच्या फ्लँजची भोकं पहिलीच्या मानाने किती अंशांनी सरकली आहेत हे मोजलं, की पात्यांची मळसूत्री मांडणी कळते. ही मांडणी शोभेची नसते. सगळी पाती एकदम जमिनीवर आदळली तर हँडल धरणाऱ्याला हिसके बसतात आणि चेनवर झटका येतो. एकामागून एक पातं उतरत गेलं, की भार सारखा राहतो.

पात्याची लांबी झाकणाच्या आतल्या बाजूने ठरते. तिथे दगडांनी ओढलेले गोल ओरखडे असतात. रोटरच्या केंद्रापासून त्या ओरखड्यांपर्यंतचं अंतर ही पात्याच्या टोकाची वरची मर्यादा. मूळ पातं तिच्या आतच असणार. जाडीसाठी एखादं झिजलेलं पातं उरलं असेल तर ते टोकाशी मोजू नये. टोक मातीने खाल्लेलं असतं. फ्लँजच्या आणि बोल्टाच्या मधे दाबून राहिलेलं मूळ तेवढं झिजत नाही. तिथली जाडी ही कारखान्याची जाडी.

साधं गणितही साक्षीदार होतं. उदाहरणादाखल, रोटर मिनिटाला १५० फेरे घेतो आणि यंत्र ताशी दीड किलोमीटर, म्हणजे मिनिटाला २५ मीटर चालतं असं धरू. एका फ्लँजवर दोन डावी आणि दोन उजवी पाती असतील, तर एका बाजूला मिनिटाला ३०० घाव पडतात आणि प्रत्येक घाव आधीच्या घावापुढे सुमारे ८.३ सेंटीमीटरवर. तीन-तीन पाती असतील तर हेच अंतर सुमारे ५.६ सेंटीमीटर. पुस्तिकेत रोटरचा वेग आणि मातीचा अपेक्षित बारीकपणा दिलेला असेल, तर पात्यांची संख्या त्याच्याशी जुळते का, हे असं ताडून पाहता येतं. दोन स्वतंत्र साधनं एकच उत्तर देतात तेव्हा हात निर्धास्त चालतो.

मग भट्टी. आपल्याकडचे लोहार अशा कामाला ट्रकच्या कमानीचे पाटे घेतात, आणि ते योग्यच आहे. या पोलादात कडकपणा आणि लवचीकपणा दोन्ही येतो. पाटा आधी लाल करून सावकाश थंड होऊ द्यायचा, म्हणजे तो कापायला आणि भोक पाडायला मऊ पडतो. मग पुन्हा तापवून वळण द्यायचं. वळणाच्या आतल्या बाजूला तीक्ष्ण कोपरा राहू देऊ नये. फिरताना सगळा ताण तिथेच येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. म्हणून ऐरणीच्या गोल कडेवर, त्रिज्या राखून वळवायचं, आणि डाव्या-उजव्यासाठी वेगळे साचे ठेवायचे.

त्यानंतर पाणी देणं. नाव पाण्याचं असलं तरी हे पोलाद पाण्यात विझवलं तर तडकण्याची भीती असते, तेल वापरावं. चुंबक चिकटेनासा झाला की त्याच्या थोडं पुढे तापवून तेलात बुडवायचं. आता पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते पुन्हा मंद आचेवर धरलं की घासलेल्या कडेवर रंग चढत जातात : गव्हाळ, तांबूस, जांभळा, निळा. जमिनीत दगडावर आपटायच्या पात्याला निळ्यावर थांबवू नये. निळा उतरून करडा होईपर्यंत न्यावं. धार थोडी लवकर झिजेल, पण पातं मोडून त्याचा तुकडा उडणार नाही. शेवटी सगळी पाती तराजूत घालायची. वजनं सारखी नसतील तर रोटर थरथरतो आणि बेअरिंग खातो.

एवढ्या काळजीने घडवलेलं पातंही मूळ पातं नव्हे. कारखान्याने नेमकं कोणतं पोलाद घेतलं होतं हे रोटरवरची भोकं सांगत नाहीत. आकार साधार, मांडणी साधार, धातू मात्र आपला. हा भेद टिपून ठेवायचा.

एक टक्क्याचा प्रश्न

ओतीव भागात आधार कसा निसटतो, हे आणखी स्पष्ट दिसतं. रोटरला शक्ती देणाऱ्या चेनचं बाजूचं घर फुटलेलं असेल, तर बरेच जण फुटक्या घराचे तुकडे चिकटवतात, ते फर्मा म्हणून वाळूत दाबतात आणि नवं ओतून घेतात. इथेच फसगत होते. बीड गार होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे एक टक्का. ३०० मिलिमीटरचा भाग ३ मिलिमीटरने लहान निघतो. बाहेरून हा फरक कोणाला दिसणार नाही. पण चेनच्या दोन चाकांच्या केंद्रांतलं अंतरही त्याच प्रमाणात घटतं, आणि चेन पहिल्या दिवसापासून ढिली राहते. जाणता फर्माकार म्हणूनच मोजमापाला एक टक्का वाढीव खुणांची पट्टी वापरतो, आणि लेथवर कापायच्या तोंडांना वेगळी जास्तीची जाडी ठेवतो.

इतिहासकाराला यातून उलटा उपयोग होतो. एखाद्या यंत्राचं ओतीव झाकण दुसऱ्या मूळ झाकणापेक्षा एक टक्क्याने लहान भरलं, तर ते जुन्या झाकणावरूनच ओतून घेतलेलं आहे असा रास्त संशय घेता येतो. त्यावर मूळ भागक्रमांक उठावदार दिसला तरी फसू नये. फर्म्यावरचे आकडे वाळूत जसेच्या तसे उमटतात आणि नकलेला अस्सलाची साक्ष देतात.

म्हणून माझा आग्रह असा, की नव्याने ओतताना फर्म्यावरचे जुने आकडे तसेच ठेवायचे असतील तर शेजारी नवं वर्ष आणि कारागिराची खूण घालावीच. कोपऱ्यात ठोकलेले चार आकडे यंत्राच्या रूपाला काही बाधा आणत नाहीत. ते नसले, तर पुढचा अभ्यासक आपली नक्कल कारखान्याचं काम समजून तिच्यावर निष्कर्ष उभारेल.

नागमोडी रेघ

ही शिस्त मराठी अभ्यासकाला परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं आणि १९६६ साली ते पूर्ण झालं. डॉ. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत, जो पाठ हस्तलिखितांच्या साक्षीने पुरेसा निश्चित होत नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ असते. संपादकाने पाठ निवडला, पण खात्री किती ते लपवलं नाही. तळटीपांत इतर पाठ दिले, म्हणजे उद्याच्या वाचकाला निर्णय फिरवता येईल. यंत्राचा गायब भाग म्हणजे गळालेला पाठ, आणि कारागिराच्या कामालाही अशी नागमोडी रेघ लागते.

वास्तूंच्या जतनासाठी ही गोष्ट जागतिक पातळीवर लिहून ठेवलेली आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेनुसार जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि भरून काढलेले भाग एकूण रूपाशी जुळावेत तरी मुळापासून ओळखू यावेत. ऑस्ट्रेलियातच १९७९ साली तयार झालेल्या बरा सनदेने आणखी एक भेद केला : असलेलेच अवयव पुन्हा जुळवून ज्ञात अशा जुन्या स्थितीला नेणं वेगळं, आणि नवं साहित्य घालून तिथवर पोचणं वेगळं. दोन्ही सनदा वास्तूंसाठी आहेत, पण रोटाव्हेटरला त्या तितक्याच लागू पडतात असं मला वाटतं. जाम इंजिन सोडवून, मूळचेच भाग साफ करून यंत्र चालू केलं, तर तो पहिला प्रकार. पाट्याची पाती घडवून आणि घर ओतून चालू केलं, तर दुसरा. दुसरा कमी दर्जाचा नाही. फक्त त्याला पहिल्याचं नाव देऊ नये.

आपल्याकडचे कागद

रोटाव्हेटर आज महाराष्ट्राच्या गावोगावी आहे, आणि त्याचे गुणदोष आपल्या मातीत तपासले जात आहेत. वर्षानुवर्षं त्याच खोलीवर तो फिरवला तर खाली कठीण थर बनतो, असा इशारा कृषितज्ज्ञ देतात. माती दाबली जाऊ नये म्हणून सुरू झालेल्या प्रयोगाची ही पुढची बाजू. तिचा इतिहास कधीतरी मराठीत लिहायचा असेल, तर कोणत्या काळात कोणतं यंत्र किती खोल, किती वेगाने चाललं, हे सांगणारी साधनं हवीत.

आपल्याकडे अशा साधनांची परंपरा नव्हती असं मुळीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. हॉवर्डने पेटंट घेतलं त्याच १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. लोखंडी नांगर, चरक, कडबा कापायची यंत्रं यांच्याविषयी मराठीत लिहिलेलं आणि तारखेनिशी छापलेलं साहित्य आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. पण नंतरच्या काळातल्या पंपांच्या, इंजिनांच्या, पॉवर टिलरच्या पुस्तिका घरोघरच्या रद्दीत जातात, आणि नावाच्या पट्ट्या भंगारात वितळतात. जिल्ह्याच्या गावातल्या जुन्या फिटरकडे वहीत काढलेली मापं असतात. त्याच्या मागे ती वही कोणी मागत नाही.

यासाठी मोठं संग्रहालय उभं राहण्याची वाट पाहायला नको. जुनं अवजार भंगारात देण्यापूर्वी नावाच्या पट्टीचा स्वच्छ फोटो घ्यावा, पुस्तिकेचं पान न् पान टिपावं आणि गावच्या ग्रंथालयाला त्याची प्रत द्यावी. जो कोणी असं यंत्र पुन्हा उभं करेल, त्याने त्याच्यासोबत एक वही ठेवावी आणि प्रत्येक भागापुढे चार गोष्टी लिहाव्यात : भाग मूळचा की नवा, नवा असेल तर कशावरून घडवला, कोणत्या धातूचा, आणि कोणत्या बाबतीत अंदाज केला. चौथी नोंद लिहायला सर्वांत जड जाते, आणि पुढच्या माणसाला तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.